भोरातली धूळ

रफीक आतार कॉम्प्युटरमधले चांगले पार्ट काढून घेतो आणि जुने घालतो, हे भोरात पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर मी. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलायला नको. मी सौदामिनी. शाळेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आता शाळेच्या समितीवर आहे. छत्तीस वर्षांत एकाही कागदावर मी खोटं लिहिलं नाही, असं मी लोकांना सांगत असते. लोकांनी आपणहून सांगितलं असतं तर जास्त शोभलं असतं, पण लोकांना वेळ कुठे असतो.

रफीकला मी तो पाचवीत आला तेव्हापासून ओळखते. त्याचे वडील अमीरचाचा बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. पोरगा अभ्यासात मधला, पण वर्गातला पंखा अडला की सर त्यालाच हाक मारायचे. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ असं मी माझ्या हाताने लिहिलेलं आहे. पुढे वर्षभर तो पहिल्या एसटीने स्वारगेटला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला आणि चाचांच्याच दुकानात दुसरं टेबल टाकून बसला. चाचा गेले, लोकांचे रेडिओही गेले, पण पाटीवर ‘रेडिओ दुरुस्ती’ अजून आहे आणि त्याच्या खाली वेगळ्या रंगात ‘कॉम्प्युटर’. पुसत का नाहीस विचारलं तर म्हणतो, पुसायला बी रंग लागतो.

आता असेल शेचाळीस-सत्तेचाळीसचा. किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पांढरं खोडरबर. निम्म्या वेळा तो मशीनमधली मेमरीची पट्टी बाहेर काढतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतो, पट्टी परत दाबून बसवतो आणि मशीन चालू होतं. खोडरबर घासायचे कसले पैसे, म्हणून कुरकुरणारे लोक भोरात बरेच आहेत. त्यांच्यात माझा नंबर पहिला.

त्याच्या दोन सवयी मला खटकायच्या. एक, तो कुणाचंही मशीन मालकासमोर उघडत नसे. ठेवून जा, सांजच्याला या, एवढंच. दुसरी, संध्याकाळी जाऊन काय झालं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं. धूळ. भाटघरच्या माणसाचं मशीन, धूळ. शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात बिलं काढायचं मशीन, धूळ. ते एक वेळ समजू शकते, तिथे दिवसभर ट्रक जातात. पण वेल्ह्याकडच्या माणसालाही धूळ? तिथे चार महिने पाऊस कोसळतो, अंगणातला चिखल वाळेपर्यंत दिवाळी येते, आणि मशीनमध्ये म्हणे धूळ. मी केशवना, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हटलं होतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि बायकोचं म्हणणं खोडायचं नाही हे त्यांनी नोकरीतच कुठेतरी शिकून घेतलंय.

आमचं मशीन दोन हजार आठ सालचं. आज कुणी फुकट नेणार नाही, पण माझं त्याच्यावाचून अडतं. मी मराठी टायपिंग शिकले ती टाईपरायटरवर, आणि तीच अक्षरांची जागा, तोच जुना फॉन्ट फक्त ह्या मशीनमध्ये आहे. माझं पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसत्या मुंग्या दिसतात. तेव्हा मशीन जुनं झालं म्हणून बदला, असं मला कुणी सांगू नये. मीही जुनी झाले आहे.

आणि ज्याच्यावर आपलं चालतं त्याला मान द्यावा, ही आमच्या घरची रीत. खंडेनवमीला आमच्याकडे तीन शस्त्रं मांडतात. शिवणयंत्र, ह्यांची स्कूटर आणि कॉम्प्युटर. नुसतं फूल टेकवून पळणाऱ्यातली मी नव्हे. मी यथासांग पूजा करते. कुंकू पाण्यात चांगलं कालवून घ्यायचं आणि टिळा लावायचा तो बरोबर चालू करायच्या मोठ्या बटणावर, कारण ते त्याचं कपाळ. त्यावर हळद. वरच्या जाळीवर अक्षता आणि झेंडू. मग नारळ फोडला की त्यातलं थोडं पाणी सगळ्या अंगावरून शिंपडायचं. शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली त्या वर्षी हीच पद्धत मी तिथेही घालून दिली. पंधरा मशीनं, पंधरा टिळे. ज्ञानू शिपाई ताट धरतो आणि मी लावते. निवृत्त झाल्यावरही मला मानाने बोलावतात, आणि एकही मशीन सुटलेलं मला चालत नाही.

रफीक दरवर्षी घटस्थापनेच्या आसपास आमच्या दारात यायचा आणि एक कव्हर देऊन जायचा. त्याची बायको खुर्शिदा शिवणकाम करते. रेनकोटच्या उरलेल्या कापडाचं नेटकं शिवलेलं कव्हर असायचं. म्हणायचा, सणाला नवं कव्हर काकू, पूजा वरनंच करा, कव्हरला बी मान. मी कव्हर ठेवून घ्यायची आणि मनात म्हणायची, लाच देतोय. पूजेच्या वेळी ते काढून बाजूला ठेवायची. झाकलेल्या देवाला कोणी कुंकू लावतं का? एकदा त्याने वरच्या जाळीवर आतून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा लावलेला मला सापडला. हवा कोंडून मशीन मारायचा डाव असणार, म्हणून तोही मी ओढून काढला.

दसरा झाला की मशीन बंद पडायचं. कधी दोन दिवसांनी, कधी आठ. कधी नुसता पंखा घरघरायचा आणि पडदा काळा, कधी आतून शिट्ट्यांसारखा आवाज. रफीक न्यायचा, आणायचा, धूळ म्हणायचा. माझ्या डोक्यात हळूहळू हिशेब बसत गेला. हा दरवर्षी असा पार्ट घालतो की तो बरोबर वर्षभर पुरावा आणि दिवाळीच्या तोंडावर याला काम मिळावं. केशव एकदा म्हणाले, नेहमी दसऱ्यानंतरच कसं गं? मी म्हटलं, तेच तर सांगतेय मी कधीची.

हे मी फक्त ह्यांना सांगून थांबले असते तर गोष्ट घरातच राहिली असती. पण भाजी घेताना सांगितलं, भिशीत सांगितलं, हळदीकुंकवाला तर रंगवून सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. रफीकच्या कानावर गेलंच असणार. रस्त्यात भेटला की तरीही तो चष्मा खाली घेऊन ‘बऱ्या हाय ना काकू’ म्हणायचा. निगरगट्टपणा बघा म्हणायची मी.

यंदा दसऱ्यानंतर शाळेतली पंधरातली सहा मशीनं एका आठवड्यात बसली. समितीचे अध्यक्ष प्रद्युम्नराव तापले. शाळेच्या मशीनांची वर्षभराची देखभाल रफीककडे होती. ती काढून पुण्याच्या एका माणसाला द्यायची, असं त्यांच्या मनात आधीपासून होतंच. शनिवारी बैठक ठेवली आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही बोलत असता ते लेखी द्या, तुमच्या शब्दाला वजन आहे. मला काय, तेवढंच हवं होतं. हल्ली लोकांची सगळी कामं मोबाईलवर होतात, घरगुती गिऱ्हाईक राहिलंय कुठे? रफीकचं घर चालायचं ते शाळेच्या ह्या कामावर आणि खुर्शिदाच्या शिवणाच्या मशीनवर. हे मला माहीत होतं. माहीत असून मी लिहायला बसले.

पहिल्या पानावर तक्रार, दुसऱ्या पानावर तक्ता. रफीककडे जायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत आमचं मशीन कोणकोणत्या तारखेला बंद पडलं, ते मी कॅलेंडरांवरच्या नोंदी शोधून काढून लिहिलं. यंदाच्या ओळीत लिहिलं, ‘अद्याप सुरू, कारण रफीकचा हात लागलेला नाही.’ हे वाक्य मला फारच आवडलं होतं. बुधवारी टायपिंग झालं. बटण दोन-तीन दिवस जरा जड लागत होतं, पण वयाने सगळ्यांचेच सांधे धरतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी छापायला म्हणून बटण दाबलं, तर काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. अंगठ्याने दाबलं, पेनच्या मागच्या टोकाने दाबलं. केशवनी प्लग बदलला, त्याच प्लगवर टेबलावरचा दिवा लावून बघितला, तो लख्ख लागला. मी मशीनच्या कुशीत दोन थापा मारल्या. मग केशव म्हणाले, हाताने लिही की, तुझं अक्षर छान आहे. म्हटलं, हाताने लिहिलेली तक्रार घरगुती वाटते. चौपाटी चौकातल्या मोबाईलवाल्या पोराला फोन केला. तो मॉडेल ऐकून हसला आणि म्हणाला, आजी, हे संग्रहालयाला द्या. राहिला कोण? रफीक. रफीकच्या विरुद्धची तक्रार छापायला मला रफीककडेच जावं लागणार होतं. दगडाखाली हात सापडणं म्हणतात ते हेच.

पण मी सुद्धा कच्च्या गुरूची चेली नव्हे. ठरवलं, आज मशीन ठेवून यायचं नाही. समोर बसायचं आणि त्याला पार्ट बदलताना रंगेहाथ पकडायचं, म्हणजे तक्रारीला पुरावाही जोडता येईल. केशवनी स्कूटरवर पायाशी मशीन ठेवून दुकानात आणून दिलं आणि ते निघून गेले. मी स्टुलावर बसले.

“ठिवून जा काकू, सांजच्याला या,” रफीक म्हणाला.

“माझ्यासमोर उघड,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. चहा मागवतो म्हणाला. चहा आला, मी प्यायले, मी उठले नाही. मग म्हणाला, खुर्शिदा तुमच्या ब्लाउजच्या मापाचं विचारत होती, घर जवळच आहे, तेवढं जाऊन या. मी म्हटलं, माझं माप तेच आहे. मग लाईट जाईल म्हणाला. मी म्हटलं, गेली तर येईल. माझी खात्री पटत चालली होती. चोर असल्याशिवाय माणूस इतक्या सबबी सांगेल कशाला? शेवटी त्याने चष्मा पुसून नाकावर घेतला आणि बाजूचे दोन स्क्रू काढले.

पत्रा निघाला आणि मी आत बघितलं. आत सगळं लालसर होतं. पंख्याच्या पात्यांवर लाल-पिवळा थर, तळाशी अक्षता, मोजून घ्याव्यात इतक्या सुट्या सुट्या. झेंडूची एक पाकळी वाळून हिरव्या पट्टीला चिकटलेली. जाळीखाली पाण्याचे ओघळ सुकून गंजलेले. त्याने मान वर न करता ब्रश घेतला आणि आधी अक्षता हलक्या हाताने एका कागदावर गोळा केल्या. कचऱ्यात टाकल्या नाहीत. कागदाची पुडी बांधून बाजूच्या फळीवर ठेवली. त्या फळीवर तशा आणखी सात-आठ पुड्या होत्या. आमच्या ज्ञानूला शाळेत जाताना देतो म्हणाला, तो नदीला जातो तेव्हा सोडतो.

मग त्याने कामाला हात घातला. वायरचा एक तुकडा वीजपुरवठ्याच्या डब्याच्या दोन भोकांत घातला, डब्याचा पंखा फिरला. म्हणजे वीज ठीक. पुढचं प्लास्टिकचं तोंड ओढून काढलं आणि मोठं बटण उलटं केलं. बटणाच्या मागे कुंकवाचा आणि नारळाच्या पाण्याचा नखाएवढा जाड थर दगडासारखा बसला होता. बटण दाबलं तरी आत जाणार कुठे? सतरा वर्षं मी त्याच्या कपाळावर टिळा लावत होते आणि तो टिळा त्याच्या घशात उतरत होता.

रफीकने बटण हातात धरलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, “धूळ हाय काकू.”

समोर लाल ढेकूळ, आणि तो माणूस मला धूळ सांगत होता. मला लाज वाटली. सरळ सांगते, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पण लाज वाटली की काही लोक गप्प होतात, मी तशी नाही. मला राग येतो.

तेवढ्यात त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या दोन बारीक पिनांना क्षणभर टेकवलं आणि मशीन घुर्र करून चालू झालं. त्याच्या टेबलावरचा पडदा उजळला. मशीन सुरू झालं की मालकाची फाईल शाबूत आहे का ते बघायचं, हा त्याचा नियम. फाईल कंची बघायची, त्याने विचारलं. मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पडद्याच्या मधोमध एकटीच फाईल होती आणि नाव मी इंग्रजी अक्षरांत ठसठशीत दिलं होतं, ‘रफीक तक्रार अंतिम’. त्याने ते नाव वाचलं. मग त्याने ती फाईल उघडली, वाचायला न थांबता पान खाली ढकललं, आणि पडद्यावर माझा तक्ता आला.

तो तक्ता मी स्वतः केलेला, दहादा तपासलेला. पण आतल्या अक्षता बघून झाल्यावर तो मी पहिल्यांदा वाचला. एका वर्षी बिघाड ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका वर्षी अगदी अखेरीला, एका वर्षी मधेच. दसरा सरकला की बिघाड सरकलेला. आमचं मशीन तारखेने नव्हे, तिथीने बंद पडत होतं. रफीक आतारने दरवर्षी पंचांग उघडून, नवमी बघून पार्ट बिघडवले, असं मी दोन पानांत सिद्ध केलं होतं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला.

मी त्याच्यावरच ओरडले. म्हटलं, अकरा वर्षं तुला माहीत होतं, तर तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं होतंस मला.

तो बटणाचा थर टाचणीने खरवडत राहिला. मग सांगायला लागला, की धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी भोंगवलीला एका घरी त्याने खरं सांगितलं होतं. पूजेचं पाणी आत गेलंय, एवढंच. घरमालकांनी चहा पाजला, पैसे दिले, हसून निरोप दिला आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या आळीतून दुसऱ्या कुणीही बोलावलं नाही. तिकडे बातमी झाली होती, की आतारांचा पोरगा पूजा करू नका म्हणून सांगत फिरतो. तेव्हा अमीरचाचा होते. ते त्याला रागावले नाहीत. म्हणाले, रेडिओलाही लोक हारच घालायचे, आणि ज्याची पूजा करतात ते लोक फेकून देत नाहीत, दुरुस्त करून घेतात. आपलं घर त्याच्यावर चाललं.

“पण मी?” मी म्हटलं. “मी तुझा दाखला लिहिलाय. मला तरी सांगायचंस.”

“काकू, म्या सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तुमी काय सांगतोय ते ऐकलं असतं, का कोन सांगतंय ते बघितलं असतं?”

उत्तर मला येत होतं.

पुढचं काम त्याने शांतपणे केलं. मोठं बटण काही आता सुधारणार नव्हतं. त्याच्या खाली एक बारीक बटण असतं, मशीन अडलं तर पुन्हा सुरू करायचं. मोठ्या बटणाची वायर त्याने त्या बारक्याला जोडली. मोठं बटण धुऊन पुसून होतं तसं बसवून दिलं, पण आता त्याचा आतल्या कशाशीही संबंध नव्हता. म्हणाला, चालू करायचं ते ह्या बारक्यानं. मोठ्यावर टिळा लावा खुशाल, त्याला कायबी हुनार न्हाई. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पूजेची सोय लावून दिली होती.

मग मी न सांगता त्याने तक्रारीची दोन पानं छापली आणि पालथी करून माझ्यासमोर ठेवली. शाई ओली आहे, लगेच घडी घालू नका, एवढंच म्हणाला. ती पानं घेऊन मी चालत घरी आले. केशव म्हणाले, छापलं का? मी म्हटलं, छापलं, आणि दोन्ही पानं चुलीत घालायला आमच्याकडे चूल नाही म्हणून फाडून टाकली.

शनिवारी बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुंकू, नारळाचं पाणी, अक्षता, पंधरा टिळे. पद्धत मी घातली, दोष माझा, रफीकने एकही पार्ट बदललेला नाही. मला वाटलं होतं, लोक म्हणतील बाई खऱ्या. लोक खाली बघायला लागले. प्रद्युम्नराव म्हणाले, म्हणजे पूजेने मशीनं बिघडतात असं तुमचं म्हणणं? एकाने हळूच विचारलं, हे तुम्हाला त्या रफीकनेच सांगितलं असेल ना? झालं. काय सांगतेय ते कोणी ऐकलंच नव्हतं. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, मी सांगतेय, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय, आणि खोटं वाटत असेल तर शाळेतलं एक मशीन आत्ता इथे आणून उघडा. ज्ञानू उठायलाही लागला होता. प्रद्युम्नरावांनी त्याला खाली बसवलं.

मशीन उघडायला कोणी तयार नव्हतं. पण मग पुण्याचा माणूस आला तर तो उघडणार, आणि आत काय निघालं ते फोटो काढून पुणेभर दाखवणार, हे एकेकाच्या ध्यानात आलं. तेव्हा काम रफीककडेच राहावं, तो माहितीतला आहे, समजूतदार आहे, असं एकमताने ठरलं. मशीनांना कव्हरं शिवून घ्यावीत आणि पूजा वरूनच व्हावी, हेही ठरलं. राहिला प्रश्न इतिवृत्ताचा, की सहा मशीनं कशाने बंद पडली म्हणून लिहायचं. पालक वाचतात, प्रद्युम्नराव म्हणाले. बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा काहीतरी.

रजिस्टर माझ्यापुढे आलं. छत्तीस वर्षं ह्याच रजिस्टरात मी लिहीत आले होते. मी पेन उघडलं आणि लिहिलं, ‘संगणक धुळीमुळे बंद पडले.’ सगळ्यांनी सह्या केल्या.

सोमवारी मी हे सांगायला रफीकच्या दुकानात गेले. तो मागे सोल्डरिंग करत होता. बाकावर वेल्ह्याकडचा सोनबा नावाचा एक दुकानदार मांडीवर मशीन घेऊन बसला होता. मला त्याने ओळखलं, त्याचा मुलगा आमच्या शाळेत होता. जरा सरकून, आवाज खाली आणून त्याने मला विचारलं, “बाई, ह्यो पार्ट बदलतो म्हनत्यात, खरं हाय का?”

माझी गोष्ट घाट-वळणं घेत वेल्ह्यापर्यंत जाऊन माझ्याचकडे परत आली होती. मी मोठ्याने, रफीकला ऐकू जाईल असं म्हटलं, की ते साफ खोटं आहे आणि ते मीच पसरवलं होतं. सोनबा माझ्याकडे बघत राहिला आणि मग समजल्यासारखा हसला. म्हणाला, तुमी कशाला पसरवाल बाई, तुमी मोठ्या मनाच्या, पांघरूण घालताय. मी दोनदा सांगितलं, शपथ घातली. त्याला काही ते पटलं नाही.

रफीक पुढे आला. सोनबाच्या मशीनच्या जाळीत झेंडूची पाकळी अडकलेली मला तिथूनच दिसत होती. सोनबाने विचारलं, काय झालं असंल ह्याला? रफीकने काही बोलायच्या आधी माझ्याकडे बघितलं. खिशातलं खोडरबर त्याने हातात घेतलं होतं.

“धूळ,” मी म्हणाले. “ठेवून जा, संध्याकाळी ये.”

ते मात्र सोनबाला लगेच पटलं. मान हलवून म्हणाला, असंल, आमच्याकडं रस्त्याचं काम चालूच हाय.